कच्च्या तेलाची जमीन

मातीच्या जमिनीला तेल पाजायचं काम मी एकतीस वर्षं करतेय. आधी नवऱ्याच्या हाताखाली केलं, गेली दोन वर्षं एकटी करते. लोक मला मिस्त्रीणबाई म्हणतात. खरे मिस्त्री ते होते, ही नुसती त्यांच्या नावावर जगतेय, असं माघारी बोलणारेही आहेत. बोलोत बापडे. गुडघे माझे झिजलेत, त्यांचे नाही.

काम सांगायला सोपं आहे. चिकणमाती, वाळू आणि बारीक कापलेला पेंढा कालवून जमीन घालायची, थापीने घोटून घोटून गुळगुळीत करायची, पार आतपर्यंत सुकू द्यायची. मग तिला तेल पाजायचं. एक हात, चार दिवस थांबायचं, दुसरा हात, पुन्हा थांबायचं, असे चार हात. तेल मातीत मुरतं, आत हळूहळू घट्ट होतं आणि मग त्या जमिनीवर पाणी सांडलं तरी फडक्याने पुसता येतं. तेल नाही पाजलं तर चार महिन्यांत सगळी धूळ. सगळी मेख आहे ती तेल कोणतं यात.

यंदा काम निघालं ते माझ्याच लेकीच्या घरचं. आमची ठकी. नाव चांगलं ठेवलं होतं, पण लहानपणी बाहुलीसारखी एका जागी गप्प बसायची म्हणून ठकी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. आता शाळेत गणित शिकवते आणि वर्गात कोणाची टाप नाही तिच्यापुढे बोलायची. तिला चौथ्या वर्षापासून दमा आहे. पंप पर्समध्ये, पंप उशाशी, पंप शाळेच्या टेबलाच्या खणात. तिचा नवरा विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. दोघांनी काटकसर करून दोन खोल्यांचं मातीच्या भिंतींचं घर घेतलं होतं आणि जमीन तेवढी राहिली होती. तोवर राहत होते भाड्याच्या एका खोलीत. त्या खोलीच्या भिंतींना काळी बुरशी. ठकीला सातवा महिना लागला होता आणि जिना चढून आली की पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटायचा नाही.

एका दुपारी ती माझ्याकडे आली, पाणी प्यायली, दम खाल्ला आणि म्हणाली, "आई, जमीन तू कर. पण बाबांसारखी नको करू. माझं बाळ तिच्यावर रांगणार आहे. त्याला माझ्यासारखं व्हायला नको."

मी म्हटलं, तशी नाही करणार. तिने वहीचं पान काढलं आणि म्हणाली, जमिनीत जाईल ती एकूण एक गोष्ट यावर लिहून दे. मास्तरीणच ती. आईकडूनसुद्धा लिहून घेणार.

बाबांसारखी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचे हे हाताने फार चांगले होते, पण त्यांना धीर नव्हता. कच्चं जवसाचं तेल नीट सुकायला आठवडे घेतं. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. म्हणून हे उकळलेलं तेल आणायचे, त्यात लवकर सुकायचं औषध घातलेलं असतं, आणि वर थिनर मिसळून पातळ करायचे. दोन दिवसांत जमीन कडक. सगळेच तसं करायचे. वास यायचा, डोकं धरायचं, पण महिन्याभरात जातो म्हणून सोडून द्यायचो. शेवटी शेवटी त्यांचे हात इतके थरथरायचे की थापी धरवेना. नावं विसरायला लागले, माझंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, थिनरनेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नसेल येत. मला सांगता येतं.

तर तेल निवडायचं होतं. आता मी कामात कितीही जुनी असले तरी याआधी इतकी खोलात शिरले नव्हते. मातीच्या वीतभर वड्या थापून वाळवल्या आणि खिडकीत मांडल्या. बाजारातला एक भारी डबा आणला. डब्यावर हिरवं पान, नैसर्गिक म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सुकवणाऱ्या क्षारांची यादी. ठकीने भिंग लावून ती वाचली आणि डबा परत पाठवला. अक्रोडाचं तेल छान मुरलं, रंगही सुरेख आला, पण कवचाच्या फळांचं कोणाकोणाला वावडं असतं, ते बाळाला नसेलच असं कोण सांगणार. जावईबापू म्हणाले, घरात शेंगदाण्याचं तेल आहे ना. मी म्हटलं, ते जन्मात सुकत नाही, खवट होतं आणि पाय चिकटून बसतात, तुम्ही आपल्या मोटारी बघा. ते हसले. गरीब आहेत स्वभावाने.

शेवटी ठरलं साधं कच्चं जवसाचं तेल. थंड दाबून काढलेलं, ओळखीच्या घाणेवाल्याकडचं, खायला चालतं तेच. थिनरऐवजी मी डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवणार होते, म्हणजे तेल ऊन होऊन पातळ होतं आणि मातीत उतरतं. वरून शेवटी मधमाशीचं मेण. वहीच्या पानावर दोनच ओळी झाल्या. ठकीने ते पान घडी करून पर्समध्ये पंपाशेजारी ठेवलं. आणि मी स्वतःला एक नेम घालून घेतला. दर वेळी ओतायच्या आधी तेलाचा थेंब जिभेवर ठेवायचा. जिभेला चालेल तेच बाळाच्या गुडघ्याखाली जाईल.

जीभ का, नाक का नाही, तर माझ्या नाकाचं वेगळंच होतं.

हे गेले आणि पंधरा-वीस दिवसांनी मला थिनरचा वास यायला लागला. पहिल्यांदा आला तो बसमध्ये. शेजारी एक बाई मुलाला घेऊन बसलेली, तिला विचारलं, कसला वास येतोय हो, तर म्हणाली, कसलाच नाही. मग दाताच्या डॉक्टरकडे आला. मग संत्रं सोलताना. मग रोज चारच्या सुमाराला, ह्यांची कामावरून यायची वेळ व्हायची तेव्हा, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मागे. नाकाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, इतकी वर्षं थिनर हुंगून नस बिघडलीय, खरा वास धड कळत नाही आणि नसलेला कळतो, मेंदू आपल्या मनाचा काढतो. मी मान डोलावली. घरी आले, चार वाजले, वास आला. मी म्हटलं, "आलात?"

तेव्हापासून मी तसंच धरलं. मेंदू म्हणे! मेंदूला चार वाजलेले कसे कळणार? पण खरं सांगते, मला त्या वासाची भीती वाटायची. प्रेमाने आलेलं माणूस मागे उभं राहून काहीच न करता थांबत नाही. हे कशासाठी थांबतात ते मला ठाऊक होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

ठकी चार वर्षांची असताना ह्यांनी आमच्याच घराची जमीन केली होती. आम्हा दोघींना आठवडाभर माहेरी पाठवलं आणि परत आल्यावर दार उघडून दाखवली. काळीभोर, चकचकीत. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं. अजून ओलं होतं आतून, ते माझ्या नाकाला तेव्हा लख्ख कळत होतं. हे लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. कशी झालीय, म्हणाले. मी म्हटलं, आरसा झालाय अगदी. त्यांचा विरस करायला मन होईना. आम्ही तिथेच अंथरूण घातलं. पहाटे ठकीचे ओठ निळे पडलेले.

ती वाचली, दमा राहिला. घरात मग एकच गोष्ट सांगितली जायची, की बाबांनी औषध जास्त घातलं आणि कोणाला काही कळलंच नाही. ठकी मोठी झाली तसं ती त्यांच्याशी कमी बोलायला लागली. त्यांनी कधी तोंड उघडून म्हटलं नाही की तुझ्या आईलाही विचार. मी गुळणी धरून बसले, तीस वर्षं. ते मेले तरी बसले.

असो. काम सुरू झालं.

पहिला हात नीट झाला. थेंब जिभेवर ठेवला, गवतासारखी कडवट चव, बरोबर. तेल ऊन केलं, फडक्याने पाजलं, तासाभराने वर राहिलेलं पुसून काढलं. तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात, म्हणून ती पाण्यात बुडवली. मातीचा रंग ओल्या खारकेसारखा झाला. वास म्हणाल तर काहीच नाही. मी चार वाजायची वाट बघितली, तर चार वाजताही नाही. दुसरा हात झाला, तरी नाही. मला वाटलं, हे इथे येणार नाहीत. लेकीच्या दारात त्यांना यायला तोंड नाही, आणि ते तोंड मी काढून घेतलंय.

दुसऱ्या हातानंतर गुडघा सुजला. मी तीन दिवस घरी पडून होते. जावयांचा रोज फोन. जमीन अजून हाताला चिकटतेय, आई. अजून ठसा उमटतोय, आई. डॉक्टर म्हणतात दिवस पुढेमागे होऊ शकतात, आणि या खोलीत हिला रात्रभर बसून राहावं लागतं. मी म्हटलं, कच्चं तेल असंच असतं, हवा लागू द्या, दारंखिडक्या उघड्या ठेवा, मला घाई करू नका. जरा तोडूनच बोलले. गुडघा ठणकत होता.

चौथ्या दिवशी गेले. डब्यात मी तेल अर्ध्यावर ठेवलं होतं असं मला आठवत होतं. झाकण काढलं तर अर्ध्याच्या बरंच वर होतं. म्हटलं, म्हातारी झालीस बाई. आपलाच डबा, आपल्याच हाताने बंद केलेला, घाणेवाल्याच्या शिक्क्याचा. त्यात काय जिभेवर ठेवायचं? नेम मोडला तो इथे.

जमिनीला तेल पाजताना तुम्ही समोरच्या भिंतीपासून सुरुवात करता आणि गुडघ्यांवर मागे मागे सरकत दारापर्यंत येता. पाठ सतत दाराकडे. मागे बघायची सोय नसते, एका हाताखाली ओली जमीन असते. मी खोलीच्या मध्यावर आले असेन, आणि वास आला.

इतका जोराचा आजवर कधीच आला नव्हता. मानेवर काटा आला. दारात ते उभे आहेत आणि मी सरकत सरकत त्यांच्याच दिशेने चाललेय, हे मला तेवढंच खरं वाटत होतं जेवढं हातातलं फडकं. थांबायचं म्हटलं तर तेल डाग धरतं. मी सरकत राहिले. दोन हात जागा उरली, मग एक हात, मग पायाचा अंगठा उंबऱ्याला लागला. वळले तर अंगण आणि उन्हात पसरलेली फडकी, दुसरं कोणी नाही. वास मात्र तिथेच.

घरी जायचा धीर होईना आणि थांबायचाही. मी उंबऱ्यात बसले आणि त्या रिकाम्या खोलीशी बोलले. जे जिवंतपणी बोलायला हवं होतं ते बोलले. म्हटलं, मला वास आला होता हो. मी तुम्हाला आरसा झालाय म्हटलं. पोरीने तुमच्याशी बोलणं टाकलं आणि मी बघत राहिले. चुकले मी. इथे तिचं बाळ रांगणार आहे, माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका. रडले भरपूर. एवढी मोठी बाई मी, उंबऱ्यात बसून नाक शिंकरत होते.

दुसऱ्या दिवशी जमीन कोरडी.

दोन हातांनंतरही चिकटणारी जमीन एका रात्रीत हाताला सुकी लागली. बोट दाबलं, ठसा नाही. एकतीस वर्षांच्या कामात कच्चं तेल असं सुकलेलं मी पाहिलेलं नाही. शहाण्या माणसाने तिथेच कपाळाला हात लावला असता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं. आपल्या हाताने घोटून दिली जमीन. वास अजून होताच, पण आता मी त्याला भीत नव्हते. उरलेल्या तेलाचा चौथा हात मी अक्षरशः गुणगुणत दिला. मध्ये मध्ये त्यांना टोमणेही मारले, की इथे कोपऱ्यात जरा कमी पडलंय, तुमच्या डोळ्यांना दिसत नाही का. नऊ दिवस तो वास माझ्याबरोबर होता. जावई दोनदा येऊन गेले. दारात उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे, काही बोलायचं असल्यासारखं करायचे आणि निघून जायचे. मी म्हटलं, बाप व्हायची धास्ती असेल.

चौथ्या हातानंतर तिसऱ्या दिवशी ठकीला मुलगी झाली, दोन आठवडे आधी. नीट सुटका झाली, पोरगी टुणटुणीत. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी सांगितलं, त्या बुरशीच्या खोलीत आता नेऊ नका. मग काय, नवं घर तयारच होतं. मी मेण लावून जमीन फडक्याने पुसून ठेवली. सकाळच्या उन्हात ती अशी चमकत होती की मलाच दृष्ट लागेल असं वाटलं.

रिक्षा थांबली. जावयांनी पिशव्या घेतल्या, ठकीने बाळाला. ती दारापर्यंत आली, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि थांबली. तिचा चेहरा लहानपणीच्या ठकीसारखा झाला.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा वास येतोय."

माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला. दोन वर्षं मी एकटीच त्यांना हुंगत होते, डॉक्टरांनी वेड्यात काढलं होतं, आणि आता माझ्या लेकीलाही ते कळले होते. मी हसलेसुद्धा. हो गं, म्हणायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात आठवलं. ठकीचं नाक चांगलं होतं.

मी आत धावले, कोपऱ्यातला डबा उचलला, तळाशी राहिलेलं बोटाने पुसून जिभेवर ठेवलं. जीभ भाजली. बाहेर आले आणि ओरडले असेन, कारण जावयांच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. ठकी बाळाचं तोंड ओढणीत धरून अंगणाच्या पार टोकाला गेली आणि पंप शोधायला लागली. एका हाताने तो निघेना. मी काढून दिला.

जावयांनी लगेच कबूल केलं, लपवायचा प्रयत्नही केला नाही. रंगाच्या दुकानदाराने सांगितलं होतं, सगळे हेच घालतात, चार दिवसांत वास जातो. त्यांनी औषध आणि थिनर आणून माझ्या डब्यात ओतलं होतं. रात्र रात्र बायकोला खिडकीशी बसून श्वास ओढताना बघवेना, म्हणाले. मी शिव्या द्यायला तोंड उघडणार तर ते खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही रागवाल म्हणून दोनदा सांगायला आलो होतो. पण तुम्ही इथे दिवसदिवस बसत होता आणि काहीच म्हणत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि चालणार असेल."

ठकी माझ्याकडे बघत होती. तिचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "तुला वास नाही आला?"

सुटका हातात होती. नाकाच्या डॉक्टरांचा कागद घरी होता. माझं नाक गेलंय बाळा, एवढं म्हटलं असतं तर तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला असता.

"आला," मी म्हटलं. "पहिल्या दिवशीच आला. मला वाटलं तुझे बाबा आलेत. म्हणून काही केलं नाही." आणि तोंड उघडलंच होतं तर बाकीचंही सांगितलं. "तू चार वर्षांची होतीस तेव्हाही आला होता. त्यांनी विचारलं होतं मला. मी म्हटलं छान झालीय."

ठकी रडली नाही की ओरडली नाही. ती खूप वेळ बाळाच्या टोपीची नाडी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "बाबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा मी दोनदाच गेले." एवढंच. नवऱ्याला म्हणाली, रिक्षा बोलाव. ती मैत्रिणीकडे गेली राहायला. मला पत्ता दिला नाही, जावयांनी दिला.

मी कुदळ घेतली. जावईही आले दुसऱ्या दिवशी, नाकाला फडकं बांधून. एकमेकांशी आम्ही कामापुरतंच बोललो. तेल दोन बोटं खाली उतरलं होतं, आम्ही चार बोटं खणलं. काळे पापुद्रे पोत्यांत भरून गावाबाहेर कचऱ्याच्या जागेवर नेले. भिंतींचा खालचा हातभर गिलावा काढला. पहिला घाव घालताना मला वाटलं होतं, ह्यांच्या छातीवरच घालतेय. दुपारपर्यंत तसलं काही वाटेनासं झालं. घामाने डोळे चुरचुरत होते आणि गुडघ्याने मला माझी आई आठवायला लावली.

पुन्हा माती, पुन्हा वाळू, पुन्हा पेंढा. पुन्हा तीन आठवडे वाळवण. घाणेवाल्याकडे जाऊन माझ्यासमोर तेल काढून घेतलं. डबा संध्याकाळी मी बरोबर घरी न्यायचे. आणि ठकीला निरोप पाठवला. लिहूनच पाठवला, तिला लिहिलेलं कळतं. की माझ्या नाकावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही, तेव्हा दर हातानंतर तू ये, दारात उभी राहा आणि तू सांग. तुला शंका आली तर मी परत खणेन.

पहिल्या हाताला ती आली नाही. दुसऱ्याला आली, अंगणातूनच हुंगून गेली, माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्याला उंबऱ्यापर्यंत आली आणि विचारलं, गुडघा कसा आहे. मी म्हटलं, आहे. आम्ही दोघी अशाच, लाडाने बोलता येत नाही.

चौथा हात देऊन मी पाच आठवडे थांबले. घाई करणाऱ्याला सोय नव्हती, जावई तर फोनसुद्धा करेनात. बाळ तोवर चार महिन्यांचं झालं. मग एका दिवशी दुपारी ठकी तिला घेऊन आली. मी आधीपासून उंबऱ्यात बसले होते, चार वाजायला आले होते.

आणि वास येत होता. सांगते ना, येत होता. पूर्वीपेक्षा जास्त. डोळ्यांत पाणी यावं इतका थिनर त्या खोलीत भरलेला होता. मी सकाळी तेल जिभेवर ठेवलं होतं, जमिनीला ओला हात घासून तो चाटला होता, मातीची आणि जवसाचीच चव. तरी वास येत होता, थेट माझ्या पाठीमागून.

ठकी आत शिरली. मधोमध उभी राहून तिने दोनदा खोल श्वास घेतला. मग बाळाला नवऱ्याकडे देऊन गुडघे टेकले आणि जमिनीला नाक लावलं. कोपऱ्यात गेली, तिथेही लावलं. पंप तिच्या मुठीत होता.

"येत नाहीये," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "तुला?"

"मला येतोय गं," मी म्हटलं. "खूप येतोय. पण तू माझं धरू नकोस."

तिने मला नीट निरखून पाहिलं. पुन्हा वाकली, पुन्हा हुंगलं, या वेळी जास्त वेळ. पंप पर्समध्ये टाकला. मग नवऱ्याकडून बाळाला घेतलं आणि पोटावर खाली ठेवलं, उघड्या जमिनीवर, चादर न घालता. पोरीने मान उचलली, तळहात जमिनीवर आपटले आणि जमीन चाटायला लागली.

मी ओरडून उठणार होते. सगळं अंग सांगत होतं की उचल तिला. मी चौकट घट्ट धरली आणि बसून राहिले.